शेजारच्या आजोबांनी नाक का धरलं?

मक्याच्या_देशी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. प्रश्न नाजूक आहे, हसू नका.

आम्ही इलिनॉयच्या पश्चिमेला एका छोट्या गावात राहतो, गेल्सबर्गपासून पाऊण तासावर. घरामागे मक्याची एक चिंचोळी पट्टी आणि तिच्यापलीकडे दुहेरी लोहमार्ग. दिवसरात्र मालगाड्या. पहिले दोन महिने झोप उडाली होती, आता गाडी आली नाही की जाग येते.

शेजारी एक आजोबा एकटेच राहतात. वय ब्याऐंशी. आयुष्यभर मालगाडीवर होते, आधी ब्रेकमन, मग कंडक्टर. (इथे मालगाडीलाही कंडक्टर असतो. तिकिटं फाडणारा नव्हे.) गाडी आली की हातातलं काम टाकून उभे राहतात, इंजिनापासून शेपटापर्यंत नजर फिरवतात आणि शेवटचा डबा गेला की एक हात उंच करतात. कुणासाठी, देव जाणे. तिथे कुणीच नसतं.

गेल्या शनिवारी दुपारी हिने सुके बोंबील भाजायला घेतले. नेपरव्हिलहून आणलेले, तीन महिने पुरवून पुरवून खातोय. खिडकी उघडी होती. हिने मान वर केली तर आजोबा त्यांच्या मागच्या अंगणात, तोंड आमच्याकडे, एका हाताने नाक घट्ट धरलेलं आणि दुसऱ्या हाताचं बोट आमच्या दिशेने खाली रोखलेलं. चांगली पाच-दहा सेकंदं. मग वळले आणि तरातरा घरात गेले.

तेव्हापासून आमच्या घरात सुतक आहे. ही म्हणते माफी मागायला जाऊ, मी म्हणतो विषयच काढू नको. चार वर्षं सख्खा शेजार आहे हो, बर्फ पडला की आमचा रस्ता आमच्याआधी तेच साफ करतात. काय करावं?

चहाटळ
बोंबील भाजताना शेजाऱ्याला आधी नोटीस द्यायची असते. आमच्या गिरगावात ती वाऱ्यानेच पोचते.

सांजवेळ
रुमाल टाकून ठेवते. धागा पेटणार.

तिरकस
यात कोडं काय आहे? वास आला, नाक धरलं. आमच्या अपार्टमेंटमध्ये एकदा नुसती लसणाची फोडणी दिली तर भाडेकराराचं कलम अधोरेखित करून पत्र आलं होतं. चांगल्या दर्जाचा एक्झॉस्ट बसवा, एक केक घेऊन जा, विषय संपवा. चार वर्षं बर्फ काढणारा माणूस सरळ येऊन सांगत नाही म्हणजे संकोची असणार.

भुसावळचा_गार्ड
मी भुसावळहून निवृत्त झालो, ३४ वर्षे मालगाडीचा गार्ड. सध्या मुलीकडे ओमाहाला सहा महिन्यांसाठी आलो आहे. धागाकर्त्यांना एकच विचारतो. त्या वेळी मागच्या रुळावरून गाडी जात होती का? आणि आजोबांची नजर तुमच्या खिडकीवर होती की खिडकीच्या पलीकडे?

मक्याच्या_देशी
काका, हिला विचारलं. गाडी होती! डावीकडून उजवीकडे, लांबलचक, धान्याचे हॉपर. शेपूट तेव्हा नेमकं आमच्या घरामागे आलं असणार. नजर कुठे होती ते हिला आठवत नाही. बोंबील करपत होते म्हणे.

रुळवेडा
काकांनी बरोबर नस पकडली. वहिनींना सांगा, सुतक फिटलं. हा हॉटबॉक्सचा इशारा आहे.

मी शिकागोत असतो आणि शनिवार-रविवार स्कॅनर (रेल्वेचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचं यंत्र) घेऊन रुळांकडेला बसतो. बायकोच्या मते हा आजार आहे. जरा सविस्तर सांगतो.

जुन्या मालडब्यांना आजच्यासारखे बंद रोलर बेअरिंग नव्हते. आसाचं टोक एका पितळी ठोकळ्याखाली फिरायचं आणि त्याच्या खालच्या लोखंडी पेटीत तेलात भिजवलेलं सूत कोंबलेलं असायचं. तेल आटलं किंवा सुताचा धागा ठोकळ्याखाली ओढला गेला की घर्षण सुरू. आधी धूर, मग ज्वाळा, मग आसाचं टोक लालबुंद होऊन पिळवटून तुटायचं आणि डबा रुळांखाली. त्याच्या मागचे वीस डबे त्याच्यावर. शंभर डबे म्हणजे चारशे आस, आठशे पेट्या. ही असली एक गाडी, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला पुढे इंजिनातली माणसं, मागे कबूसमध्ये (शेपटाला जोडलेला, कामगारांचा डबा) दोघं. वळण आलं की दोन्हीकडून माना बाहेर.

पण सरळ रुळावर मधले डबे कुणाला दिसत नाहीत. म्हणून नियम असा की रुळांकडेला जो कुणी रेल्वेचा माणूस असेल, मग तो स्टेशनातला ऑपरेटर असो, रूळ दुरुस्त करणारा असो की बाजूच्या लाइनवर थांबलेल्या गाडीचा ब्रेकमन, त्याने जाणारी गाडी उभं राहून पाहायची आणि कबूसच्या मागच्या ओट्यावर उभ्या असलेल्या माणसाला हाताने निकाल सांगायचा. सगळं ठीक तर हात उंच. ब्रेक चिकटून चाक घासत असेल तर तळहातावर तळहात घासायचा. आणि पेटी तापली असेल तर एका हाताने नाक धरायचं, दुसऱ्याने चाकांकडे बोट दाखवायचं. जळक्या तेलाचा आणि सुताचा वास मैलभर जायचा म्हणे.

तुमचे आजोबा प्रत्येक गाडीला हात उंच करतात तो हाच निकाल. कबूस गेला, हात राहिला.

चहाटळ
म्हणजे बोंबील बाइज्जत बरी!

आयोवाची_सून
रुळवेडा, डोळ्यांत पाणी आणलंत. माझे सासरे (हो, अमेरिकन, मी मूळची चिपळूणची) आयोवात ३८ वर्षं मालगाडीवर होते. आम्ही फाटकाशी गाडीत थांबलो की तेही असेच शेवटी हात वर करायचे. मला वाटायचं लहानपणची सवय असेल, आपण नाही का टाटा करायचो तशी. लिहिते सविस्तर, मुलं झोपली की.

तिरकस
इतिहास मान्य. पण ते सूत-तेल केव्हाच इतिहासजमा झालं ना? आता रोलर बेअरिंग आहेत, ठरावीक अंतरावर रुळांकडेला तापलेलं बेअरिंग पकडणारे डिटेक्टर आहेत. मग एकविसाव्या शतकात माणूस नाक कशाला धरेल? माझं मत अजूनही बोंबलाच्या बाजूने.

रुळवेडा
डिटेक्टर आहेत, खरंय. स्कॅनरवर ऐकतो मी. गाडी गेली की एक यंत्राचा आवाज मैलाचा दगड सांगतो, दोष नाही म्हणतो आणि आसांची संख्या सांगतो. ओहायोतलं ईस्ट पॅलेस्टाइन आठवतंय? ३ फेब्रुवारी २०२३ ला तिथे मालगाडी घसरली होती. अपघाताच्या चौकशीत बाहेर आलेले आकडे बघा: एका डिटेक्टरवर बेअरिंग बाहेरच्या हवेपेक्षा १०३ अंश फॅरनहाइटने गरम, त्यानंतर वीस मैलांवरच्या डिटेक्टरवर २५३ अंशांनी. गजर वाजला, गाडी थांबत होती, पण उशीर झाला होता. आणि वाटेत आधी लागणाऱ्या सेलम गावातल्या एका कॅमेऱ्यात डब्याखालची आग आधीच दिसत होती. ते रोलर बेअरिंगच होतं.

त्या वीस मैलांत एखाद्या अंगणात असं नाक असतं तर, एवढंच म्हणतो.

तिरकस
हा मुद्दा मान्य. बोंबलाचा राखून ठेवतो.

आयोवाची_सून
मुलं झोपली.

सासऱ्यांच्या घरातला पहिला नियम, फोन दोन मिनिटांच्या वर कुणी अडवायचा नाही. नोकरीची पहिली कित्येक वर्षं ते एक्स्ट्रा बोर्डवर होते. म्हणजे ठरलेली पाळी नाही, यादीत नाव वर सरकत जातं आणि रात्री अडीचला फोन येतो की दोन तासांत हजर. सासूबाईंनी दाराशी एक पिशवी कायम भरून ठेवलेली. तिच्यात दोन सँडविच, थर्मास, लोकरी मोजे तीन जोड, नियमांचं पुस्तक, कंदील. पलीकडच्या टोकाला पोचलं की तिथल्या खोलीत आठ-दहा तास झोप, मग परतीची गाडी मिळेल तेव्हा. मुलांचे वाढदिवस तारखेला नाही, बाबा घरी असतील त्या दिवशी. माझा नवरा सांगतो की सातवीपर्यंत त्याला स्वतःचा खरा वाढदिवस ठाऊक नव्हता. थोडी अतिशयोक्ती धरा, त्याला सवय आहे.

कबूसचं मात्र ते हसत सांगायचे. मधोमध कोळशाची शेगडी, जमिनीला बोल्टाने जखडलेली. तिच्या माथ्यावर चहूबाजूंनी उभी कड, कॉफीचं भांडं घसरू नये म्हणून. त्या शेगडीवर घेवड्याचं कालवण दिवसभर रटरटायचं. पूर्वी एकेका कंडक्टरला त्याचा त्याचा कबूस मिळायचा, तेव्हा कुणाच्या खिडकीला बायकोने शिवलेले पडदेसुद्धा असत. पुढे ते बंद झालं, जो येईल तो कबूस.

पण बसायचं कसं, तर कायम काहीतरी धरून. गाडी सुटताना इंजिन पुढे निघालेलं असतं आणि शेपटाला पत्ताच नसतो. प्रत्येक जोडाची थोडी थोडी ढील ताणली जात धडाड्-धडाड् आवाज मागे मागे येतो. सासरे म्हणायचे, तो आवाज ऐकू आला की पेला उचलायचा, पाय रोवायचे आणि दात आवळायचे. एका उमेदवार ब्रेकमनने पहिल्याच दिवशी पेला उचलायच्या ऐवजी आवाज कसला ते बघायला दार उघडलं. पुढचे दोन दात गेले.

पन्हाळा_टू_पिओरिया
आयोवाची_सून यांच्या ढिलीच्या गोष्टीवरून राहवलं नाही. मी मेकॅनिकल वाला आहे.

शंभर डब्यांत प्रत्येक जोडाला सहा इंच ढील धरा, पन्नास फूट झाले. म्हणजे इंजिन पन्नास फूट चाललं तरी कबूस जागेवर, आणि मग एका झटक्यात त्याला इंजिनाचा वेग गाठायचा. ब्रेक लावताना याच्या उलट. याच भानगडीची परीक्षा तुमच्या आयोवातच झालीये, बर्लिंग्टन गावाजवळ, १८८६ आणि १८८७ साली. पन्नास डब्यांच्या मालगाड्यांवर वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्रेक लावून पाहिले. पहिल्या वर्षी हवेचे ब्रेक सपशेल नापास, कारण पुढचे डबे थांबायचे आणि मागच्यांना निरोप पोचेपर्यंत ते पुढच्यांवर आदळायचे. वेस्टिंगहाऊस कंपनीने मग झटपट काम करणारा नवा व्हॉल्व्ह केला, आणि मालगाडीला हवेचा ब्रेक लागू शकतो हे पटलं.

त्याआधी काय होतं? माणसं डब्यांच्या टपावरून पळत जाऊन हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायची. पावसात, बर्फात, रात्री, चालत्या गाडीवर. म्हणून ब्रेकमन. आणि डबे जोडायचे तर दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून कडीत खिळा घालायचा. जुना ब्रेकमन ओळखायचा तो बोटं मोजून. आयोवातल्या फोर्ट डॉजचे लोरेन्झो कॉफिन नावाचे शेतकरी, पुढे राज्याचे रेल्वे आयुक्त झाले, त्यांनी हे बघून वर्षानुवर्षं एकच धोशा लावला. शेवटी १८९३ मध्ये आपोआप जुळणारे जोड आणि हवेचे ब्रेक सक्तीचे करणारा कायदा झाला.

तेव्हा पडदे आणि कॉफी ठीक आहे, पण फार हळवे होऊ नका. हलके घ्या.

आयोवाची_सून
हळवी नाही हो. सासऱ्यांच्या डाव्या हाताची करंगळी कुठे गेली ते मी लिहिलं नव्हतं, एवढंच.

पन्हाळा_टू_पिओरिया
😶 शब्द मागे घेतो.

भुसावळचा_गार्ड
वरील सर्व प्रतिसाद वाचले. समाधान वाटले. आमच्याकडेही नियम हाच. स्टेशनवरून थ्रू गाडी जाताना स्टेशन मास्तर एका बाजूला, पॉइंट्समन दुसऱ्या बाजूला उभा, गार्डाशी झेंडीची देवाणघेवाण. हॉट ॲक्सलचा वास एकदा नाकात बसला की मरेपर्यंत विसरत नाही. फक्त आम्ही नाक धरत नव्हतो, लाल झेंडी दाखवायचो.

आयोवाच्या ताईंनी शेगडीचे लिहिले. आमच्या ब्रेकव्हॅनमध्ये शेगडी नव्हती. मे महिन्यात जळगावच्या पुढे गरजही नव्हती, पत्र्यावर भाकरी भाजली असती.

एक विचारायचे होते. इथे एका संग्रहालयात वेताचे मोठे कडे पाहिले, लांब दांड्याचे. जावई म्हणाला मासे पकडायचे असेल. मला ते ओळखीचे वाटले. दौंड-मनमाड एकेरी मार्गावर उमेदवारी करताना असेच कडे होते, त्याला चामड्याची पिशवी आणि पिशवीत नीलचा गोळा, म्हणजे पुढच्या स्टेशनपर्यंत जाण्याची परवानगी. चालत्या इंजिनातून हात बाहेर काढून कडे दंडात घ्यायचे. दंडावर वळ उठायचे.

रुळवेडा
काका, जावयाला सांगा मासे नव्हे, हुकूम पकडायचे. 🙂

इकडे एकेरी मार्गावर गोळा नव्हता, कागद होता. डिस्पॅचर (गाड्यांची वाहतूक ठरवणारा) तारेवर किंवा टेलिफोनवर हुकूम सांगणार, स्टेशनातला ऑपरेटर कार्बन घालून पातळ कागदावर उतरवणार, शब्द न् शब्द परत वाचून दाखवणार, आणि मगच तो हुकूम पक्का. ‘नाइन्टीन’ नमुन्याचा असेल तर गाडी थांबत नसे. ऑपरेटर रुळांच्या इतक्या जवळ उभा राहायचा की इंजिनाच्या वाऱ्याने टोपी उडावी. एक कडं इंजिनातल्या माणसाला, दुसरं कबूसमधल्याला. कागद काढून घेतला की कडं खाली फेकायचं, आणि ऑपरेटर महाशय रूळ तुडवत ते शोधायला निघायचे. पुढे इंग्रजी वाय अक्षरासारखी काठी आली, तिच्यात दोरी ताणलेली आणि दोरीला कागद. दोरी सुटून जायची, काठी हातात. ‘थर्टी-वन’ नमुन्याचा असेल तर मात्र थांबून सही.

१९८० च्या दशकात हे सगळं गेलं. आता रेडिओवर आणि संगणकावर परवानगी.

सांजवेळ
रुमालाचं चीज झालं. सगळ्या प्रतिसादांची वाचनखूण साठवली.

माझी भर: जॅक डेलानो नावाच्या छायाचित्रकाराने १९४२-४३ मध्ये सरकारसाठी शिकागोच्या यार्डांचे आणि मालगाड्यांचे फोटो काढलेत, त्यातले बरेच रंगीत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात सगळ्यांना बघता येतात. आयोवातल्या क्लिंटनच्या इंजिनशेडमधल्या बायकांचे फोटो जरूर बघा. पुरुष युद्धावर गेलेले, म्हणून इंजिनं पुसायला, धुवायला या बाया. डोक्याला फडकी बांधलेली, तोंडाला वंगण, आणि जेवणाच्या सुट्टीत बाकावर ओळीने बसल्यात. एकीकडे बघून मला थेट माझी आत्या आठवली, जेवणाआधी पदर खोचून बसणारी.

चहाटळ
अवांतर: या लोकांची भाषा काय आहे? गेल्सबर्गच्या रेल्वे संग्रहालयात एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाने मला अर्धा तास गोष्ट सांगितली. त्यात हॉगहेडने गाडी होलमध्ये घातली, मग कुत्रा पकडणारे आले, असं काहीतरी होतं. मी मान डोलावत राहिलो.

रुळवेडा
हॉगहेड म्हणजे इंजिन ड्रायव्हर. शब्दशः डुक्करडोक्या, पण तोंडावर म्हटलं तरी चालतं. होलमध्ये म्हणजे क्रॉसिंगसाठी बाजूच्या लाइनवर. आणि कुत्रं पकडणं याला कारण कायदा. १९०७ च्या कायद्याने सलग १६ तासांवर काम बंद, १९६९ च्या दुरुस्तीनंतर ते टप्प्याटप्प्याने १२ वर आलं. बारावा तास भरला की गाडी जिथे असेल तिथे उभी. मग टॅक्सीत किंवा व्हॅनमध्ये घालून ताजी माणसं पाठवतात ती गाडी घरी आणायला. ते कुत्रं पकडणारे.

कबूसलाही प्रत्येक रेल्वेचं वेगळं नाव. बर्लिंग्टन रेल्वेवाले ‘वेकार’ म्हणायचे. तुमच्या आजोबांपुढे कबूस म्हणून बघा, बहुतेक दुरुस्त करतील.

अजून एक अवांतर. शिकागोतून निघणारी जुनी शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न आपल्यासारखी डाव्या बाजूने चालायची. अमेरिकेत! आजही त्या रुळांवर लोकल डावीकडूनच धावतात. कारण म्हणे एवढंच की मार्ग एकेरी असताना स्टेशनं एका बाजूला बांधली गेली होती, दुसरा रूळ पलीकडे पडला, आणि शिकागोकडे जाणाऱ्या प्रवाशांना वेटिंग रूमच्या बाजूनेच गाडी मिळावी म्हणून तसंच ठेवलं.

तिरकस
ही सगळी माणसं गेली कुठे, ते पण लिहा की. एका गाडीवर पाच होती ना?

रुळवेडा
ड्रायव्हर, फायरमन, कंडक्टर, दोन ब्रेकमन. वाफ गेली तशी फायरमनची गरज संपली असं कंपन्या म्हणू लागल्या, १९६० च्या दशकापासून तो कमी होत गेला. १९८२ च्या करारानंतर कबूस निघाले आणि शेवटच्या डब्याच्या जोडाला एक लुकलुकणारी पेटी लागली. ती मागचा हवेचा दाब रेडिओने इंजिनात कळवते. आता दोनच माणसं, दोन्ही पुढे. ती दोन तरी राहावीत यासाठी २०२४ मध्ये केंद्रीय नियम करावा लागला.

भुसावळचा_गार्ड
ती पेटी आमच्याकडेही आणण्याचे चालू आहे. माझ्या वेळी नव्हती, एवढेच म्हणतो.

मक्याच्या_देशी
मंडळी, अपडेट आहे. बसून वाचा.

काल संध्याकाळी धीर करून गेलो. सोबत केक नाही, सरळ रवा लावून तळलेले बोंबील नेले. ही म्हणाली, होऊ दे एकदाचं.

आधी मी हॉटबॉक्सचं विचारलं. आजोबा इतके खूश झाले की दोन तास उठू देईनात. (‘वेकार’! रुळवेडा, खरंच दुरुस्त केलं.) १९६१ साली एकोणिसाव्या वर्षी लागले. पहिल्या हिवाळ्याची गोष्ट त्यांच्याच शब्दांत सांगायला हवी, पण प्रयत्न करतो. रात्र, उणे वीस फॅरनहाइट, गाडी मध्येच थांबलेली. मागून दुसरी गाडी येऊन आदळू नये म्हणून मागच्या ब्रेकमनने कंदील, पेटते लाल भुसनळे आणि रुळावर बांधायचे फटाके घेऊन अर्धा-पाऊण मैल मागे चालत जायचं. तिथे एकटं उभं राहायचं, पुढून शिट्टी होईपर्यंत. चार लांब शिट्ट्या म्हणजे पश्चिमेला किंवा दक्षिणेला गेलेल्याने परत यावं, पाच लांब म्हणजे पूर्वेला किंवा उत्तरेला गेलेल्याने. ते पूर्वेला होते. वाऱ्यात मोजल्या तर चारच भरल्या. आपल्यासाठी नाहीत म्हणून उभेच राहिले. मग डोक्यात आलं की या गाडीच्या पश्चिमेला माणूसच पाठवलेला नाही! धावत सुटले. गाडी हलायला लागलेली. म्हाताऱ्या कंडक्टरने पायरीवर पालथं पडून त्यांची कॉलर पकडली आणि पोत्यासारखं आत ओढलं. शेगडीपाशी बसवलं आणि म्हणाला, ‘मोजायला शाळेत शिकवलं नाही का?’

दुसरी गोष्ट नकलची. दोन डबे एकमेकांत अडकवणारा तो पोलादी अंगठा, वजन ऐंशी पौंडांच्या घरात. तो तुटला की नवा खांद्यावर घेऊन तुटल्या जागी चालत जायचं. खडी, अंधार, एका हातात कंदील. पासष्ट डबे मागे. त्यांनी मला उजवा खांदा दाखवला. डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे.

आता मुख्य मुद्दा. मी विचारलं, त्या शनिवारी गाडीला काय झालं होतं?

आजोबा गप्प. मग म्हणाले, अंगणात बसलो होतो, अचानक जळका वास आला. तेवढ्यात गाडीचं शेपूट समोर. हात आपोआप नाकावर गेला, मला कळलंसुद्धा नाही. मग लक्षात आलं की मागे वेकार नाही, बघायला माणूस नाही. म्हणून आत जाऊन फोन केला. (प्रत्येक फाटकाशी निळी पाटी असते ना, तिच्यावरचा नंबर त्यांनी फ्रिजवर चिकटवलाय.) पुढच्या लाइनवर गाडी थांबवली. कंडक्टर एकशेदहा डब्यांच्या दोन्ही बाजू चालला.

काही सापडलं नाही.

आजोबा म्हणाले, ‘कोविडनंतर नाक पूर्वीसारखं राहिलं नाही. पण जळकं ते जळकं, एवढं कळतं.’ मग समोरच्या ताटातला एक बोंबील उचलला, नाकाजवळ नेला, बराच वेळ हुंगला आणि माझ्याकडे बघितलं.

चहाटळ
थांबा थांबा थांबा. वहिनींनी मालगाडी थांबवली?!

तिरकस
राखून ठेवलेला मुद्दा परत मांडतो. बोंबील.

पन्हाळा_टू_पिओरिया
एकशेदहा हॉपर म्हणजे अकरा हजार टन मका. एका मुठीएवढ्या बोंबलांसाठी. आजवर एवढा परिणामकारक ब्रेक वेस्टिंगहाऊसलाही जमला नाही.

आयोवाची_सून
हसून हसून मुलं उठली. पण मग खाल्ला का त्यांनी?

मक्याच्या_देशी
चार खाल्ले. वर विचारलं की पुढच्या वेळी कधी करणार ते आधी सांगा. मी म्हटलं, कळवतो, यायलाच लागतं. तर म्हणाले, ‘जेवायला नाही. फोनजवळ बसणार नाही त्या दिवशी.’

भुसावळचा_गार्ड
गाडी किती वेळ उभी होती?

मक्याच्या_देशी
पन्नास मिनिटं, काका. आजोबांकडे स्कॅनर आहे, सगळं ऐकत होते.

भुसावळचा_गार्ड
एकशेदहा डबे, दोन्ही बाजू, पन्नास मिनिटांत? कंडक्टर नीट चालला नाही.